देवाने दिलेली भाक



पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने तुम्ही कधी प्रवास केला असेल, तर देहूरोड हे स्टेशन तुम्हांला ठाऊक असेल. हे मूळ देहू नव्हे. देहू येथून पाच-सहा किलोमीटरांवर, इंद्रायणीच्या काठी आहे. देहूला जाण्याचा रस्ता येथून फुटतो, म्हणून हे देहूरोड. येथे लष्कराची कोठारे आहेत, छावणी आहे, आणि नोकरीच्या निमित्ताने नाना प्रांतांतून आलेली माणसे आहेत. याच ठिकाणी २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तो दिवस नाताळचा होता. म्हणजे एका बाजूला तुकोबांची वाट, एका बाजूला बुद्धविहार, आणि त्याच वस्तीत रविवारी प्रार्थनेला जाणारी ख्रिस्ती कुटुंबे. आपापल्या श्रद्धेचा शब्द सांभाळणारी माणसे येथे एकमेकांच्या शेजारी राहतात.

अशा ठिकाणी उभे राहून आज मला ख्रिस्ती धर्मातील एका शब्दाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे ‘करार’. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र ग्रंथाचे दोन भाग आहेत, एक जुना करार आणि दुसरा नवा करार, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण पुस्तकाला ‘करार’ असे नाव का, हे विचारले तर मोठी माणसेसुद्धा गप्प बसतात. करार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्टँपाचा कागद येतो, साक्षीदार येतात, अंगठा येतो. देवाने माणसाशी असा काही कागद केला होता की काय?

कागदाचे मोल शेतकऱ्याला सांगायला नको. मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला, पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, तेव्हा कागदावर नाव आहे की नाही, यावर कित्येक घरांचे नशीब ठरले. कागदाचा करार हा असाच असतो. तू इतके द्यायचे, मी इतके द्यायचे, मुदत अमुक, कोणी चुकला तर करार मोडला. त्यात गैर काही नाही. व्यवहार असाच चालतो.

पण आपल्याच भाषेत दुसराही एक प्रकार आहे. आपण म्हणतो, “त्याने भाक दिली,” “त्याने शब्द दिला,” “तो खाल्ल्या मिठाला जागला.” येथे कागद नाही. साक्षीदार असलाच तर देव, नाहीतर आपले मन. आणि गंमत अशी की, कागद मोडणाऱ्याला आपण ‘लबाड’ म्हणून सोडून देतो, पण दिलेला शब्द मोडणारा आपल्या मनातून कायमचा उतरतो. लग्नाची गाठ ही अशी भाक आहे. बायको आजारी पडली म्हणून नवरा काही मुदत संपल्याची नोटीस देत नाही. देत असेल, तर त्याने लग्न हा सौदा समजला होता, एवढाच त्याचा अर्थ.

ख्रिस्ती धर्मातला करार हा या दुसऱ्या जातीचा आहे. बायबलात एके ठिकाणी तर ‘मिठाचा करार’ असाच शब्द येतो. एका मिठाचे अन्न खाल्ले की नाते जडले, ही समजूत त्या पूर्वेकडच्या मेंढपाळ लोकांत होती, तशीच ती मावळच्या खेड्यातही आहे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी येथे शब्दाची थोडी फोड करतो. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. त्या भाषेत कराराला ‘बेरीत’ म्हणतात, आणि करार ‘केला’ असे न म्हणता करार ‘कापला’ असे म्हणतात. त्याचे कारण पुढे येईलच. इसवी सनापूर्वी या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा भाषांतर करणाऱ्यांपुढे दोन शब्द होते. एक शब्द होता बरोबरीच्या दोघांनी बसून ठरवलेल्या तहाचा. तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी ‘दियाथेके’ हा शब्द घेतला. त्याचा रोजचा अर्थ मृत्युपत्र, म्हणजे एकाने आपल्या मर्जीने दुसऱ्याच्या नावे करून ठेवलेली व्यवस्था. मृत्युपत्रात घासाघीस नसते. देणारा देतो, घेणाऱ्याने ते जपायचे असते. देव आणि माणूस हे काही बाजारात समोरासमोर बसलेले दोन व्यापारी नव्हेत, हे त्या एका शब्दाने सांगून टाकले.

आता त्या जुन्या गोष्टी थोडक्यात पाहू.

पहिली गोष्ट नोहाची. महापूर ओसरला, तेव्हा देवाने शब्द दिला की, पृथ्वी पुन्हा जलप्रलयाने बुडवणार नाही. पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, दिवस आणि रात्र यांचा क्रम चालू राहील. त्याची खूण म्हणून त्याने ढगांत धनुष्य ठेवले. आषाढात सर थांबून डोंगरावर इंद्रधनुष्य उमटले की, ख्रिस्ती माणसाला हा करार आठवतो. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा शब्द फक्त माणसाला दिलेला नाही. गुरेढोरे, पाखरे, रानातली जनावरे, सगळ्या जिवांना तो दिलेला आहे. कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, असा प्रश्नच तेथे नाही.

दुसरी गोष्ट अब्राहामाची. हा म्हातारा, निपुत्रिक, घरदार सोडून निघालेला. देवाने त्याला सांगितले की, तुझी संतती आकाशातल्या ताऱ्यांएवढी होईल. अब्राहामाने विचारले, “हे मी कशावरून समजू?” तेव्हा त्या काळच्या रीतीने करार झाला. जनावरे मधोमध कापून त्यांचे अर्धे अर्धे भाग समोरासमोर ठेवायचे, आणि शब्द देणाऱ्याने त्यांमधून चालत जायचे, अशी ती रीत. अर्थ असा की, मी शब्द मोडला तर माझीही अशीच गत होवो. करार ‘कापला’ असे म्हणतात ते यामुळे. पण त्या रात्री काय झाले पाहा. अब्राहामाला गाढ झोप लागली, आणि त्या तुकड्यांमधून एक धुमसती शेगडी व जळती मशाल एवढेच गेले. म्हणजे शपथ घेतली ती एकट्या देवाने. अब्राहाम तुकड्यांमधून चाललाच नाही.

तिसरी गोष्ट मोशेची. मिसर देशातल्या वेठबिगारीतून इस्राएल लोक सुटले आणि सीनाय पर्वताशी आले. तेथे त्यांना दहा आज्ञा मिळाल्या. येथे एक क्रम ध्यानात ठेवावा. आधी सुटका, मग आज्ञा. ‘तुम्ही नीट वागा, मग मी तुम्हांला सोडवीन’ असे देवाने म्हटले नाही. सोडवले आधी, आणि मग सांगितले की, सुटलेल्या माणसांनी असे असे वागावे. आणि ते वागणे केवळ देवळापुरते नव्हते. शेत कापताना कडेकोपऱ्याचे पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्याच्या आत परत द्यावे, कारण रात्री तो काय पांघरणार? जाते कधीच गहाण घेऊ नये, कारण जाते नेले म्हणजे त्या घरची भाकरीच नेली. दर सातव्या वर्षी कर्जे सोडून द्यावीत. श्रोतेहो, सावकाराच्या दाराशी भांडी गहाण टाकलेल्या घरातून जो आला असेल, त्याला या नियमांचे मोल पुस्तकाबाहेरही कळेल. देवाशी केलेला करार शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचला पाहिजे, असा त्याचा रोख आहे.

हा जुना करार आपल्या महाराष्ट्रातही फार वर्षे राहत आला आहे. कोकणात, कुलाब्याच्या किनारपट्टीवर, तेल गाळणारे काही लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत. लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ते मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. त्यांनी दोन खुणा पिढ्यान्‌पिढ्या सोडल्या नाहीत. एक शनिवारचा विसावा आणि दुसरी मुलाची आठव्या दिवशी सुंता. या दोन्ही कराराच्या खुणा आहेत. पुण्यातले १८६७ साली बांधून झालेले यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर, ज्याला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात, ते पुष्कळांनी पाहिले असेल. तेव्हा ‘जुना’ करार म्हणजे मोडीत निघालेला करार, असे कोणी समजू नये. देवाने दिलेले दान तो परत घेत नाही, असे प्रेषित पौलानेच लिहून ठेवले आहे, आणि १९६५ साली रोमन कॅथलिक धर्मपरिषदेनेही तोच आधार घेऊन यहुदी लोकांविषयीचा जुना आकस टाकून दिला.

मग ‘नवा’ करार कशासाठी?

याचे उत्तर बायबल फार सरळपणे देते. माणसांनी शब्द पाळला नाही. मोशे पर्वतावरून आज्ञांच्या पाट्या घेऊन खाली उतरतो, तोच त्याला लोक सोन्याच्या वासरापुढे नाचताना दिसतात, आणि त्या पाट्या तेथेच फुटतात. पुढे राजे आले, देऊळ झाले, यज्ञ झाले, आणि त्याबरोबर गरिबाला जोड्याच्या मोलाने विकणेही झाले. आमोस नावाचा एक गुराखी संदेष्टा या गोष्टीवर कडाडला. होशेय नावाच्या संदेष्ट्याने तर आपल्या घरचे दुःखच पुढे ठेवले. बायको सोडून गेली, तरी तो तिला परत आणायला जातो. देवाचेही तसेच आहे, असे त्याने सांगितले. कागदाच्या करारात एकाने मोडले की दुसरा मोकळा होतो. येथे दुसरा मोकळा होत नाही.

आणि मग यिर्मया या संदेष्ट्याने, यरुशलेम शहर उद्‌ध्वस्त होण्याच्या काळात, एक नवीनच गोष्ट सांगितली. देव नवा करार करील आणि तो दगडावर लिहिणार नाही, माणसाच्या अंतःकरणावर लिहील. मग लहानापासून थोरापर्यंत सगळे त्याला ओळखतील, आणि तो त्यांच्या पापांची आठवण ठेवणार नाही.

ख्रिस्ती लोक असे मानतात की, हा नवा करार येशू ख्रिस्तात पुरा झाला. मरणाच्या आदल्या रात्री तो शिष्यांबरोबर जेवायला बसला. त्याने भाकर मोडून दिली आणि द्राक्षरसाचा प्याला पुढे करून सांगितले की, हा माझ्या रक्तातला नवा करार आहे. अब्राहामाच्या रात्रीची गोष्ट आता पुन्हा आठवा. शब्द मोडणाऱ्याने कापले जावे, अशी ती शपथ. शब्द मोडला माणसांनी, आणि घाव सोसला देवाने. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा गाभा या एका वाक्यात आहे. दर वेळी चर्चमध्ये भाकर आणि प्याला दिला जातो, तो याच कराराची आठवण म्हणून.

येथे मला इंद्रायणीकडे परत यावेसे वाटते. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळाने घर बसले, माणसे गेली, आणि मग त्यांच्या मनाने वेगळी वाट धरली. परंपरा असे सांगते की, लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या खतांची त्यांनी वाटणी केली. भावाचा अर्धा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. येणे बुडाले की ऋणको सुटतो, आणि सावकारही सुटतो.

येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, त्या भाषेत ‘ऋण’ आणि ‘पाप’ यांना एकच शब्द आहे. म्हणून त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत ऋण सोडण्याची मागणी आहे, आणि तिला जोडूनच आम्हीही आमच्या ऋणकोंना सोडले आहे, असे म्हणायचे आहे. पौलाने एका पत्रात म्हटले आहे की, आपल्याविरुद्ध असलेले ऋणाचे खत देवाने खोडून टाकले आणि ते वधस्तंभाला खिळले. देहूच्या डोहातले खत आणि गुलगुथा टेकडीवरचे खत या दोन गोष्टी एकच आहेत, असे मला म्हणायचे नाही. एक संताने मनुष्याला दिलेली सूट, दुसरी ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाने मनुष्याला दिलेली सूट. पण देहूच्या माणसाला दुसरी गोष्ट समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत, एवढे खरे.

हे कोणी माझ्या आधीच ओळखले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. आपली देशी परंपरा त्यांनी टाकून दिली नाही. अभंग, ओवी, कीर्तन ही सगळी आपल्या श्रद्धेच्या कामी लावली.

पण मला टिळकांपेक्षा आज लक्ष्मीबाईंची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. नवऱ्याने धर्म बदलला, तेव्हा या बाईवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. त्या काळच्या रीतीने नवरा मेल्यातच जमा होता. तरी दोघांनीही एकमेकांना दिलेली गाठ सोडली नाही. पुढे त्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे राहायला आल्या, तेव्हाही आपला धर्म, आपले सोवळे सांभाळूनच. नवऱ्याने जबरदस्ती केली नाही. आणि मग एक दिवस त्यांच्या मनात आपणहून प्रश्न उठला की, हे जातीचे भेद देवाने केले की माणसाने? उत्तर मिळाले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या तयार झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात हे सगळे त्यांनी हसत-रडत सांगितले आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही, १९१९ साली ते वारल्यावर, लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले.

यिर्मयाने म्हटलेले अंतःकरणावरचे लिहिणे म्हणजे काय, हे यावरून कळते. बाहेरून कोणी शिक्का मारला नाही. आतून अक्षर उमटले, आणि ते पहिल्यांदा कोठे दिसले? पाण्याच्या तांब्यापाशी.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. पुणे जिल्ह्यातच, दौंड तालुक्यात, केडगाव येथे त्यांचे मुक्ती मिशन आहे. दुष्काळात उघड्या पडलेल्या मुली आणि विधवा यांना त्यांनी तेथे आणले. त्या संस्कृतच्या पंडिता. पण बायबलाचे मराठी भाषांतर करायला त्या बसल्या, तेव्हा साध्या खेडवळ बाईला कळेल अशी मराठी त्यांनी पत्करली, आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. १९२२ साली त्या वारल्या, आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. ज्याच्या नावे मृत्युपत्र केले आहे, त्याला ते वाचता आले पाहिजे, नाहीतर वारसा कागदातच राहतो. याच विचाराने सुमारे चारशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले होते. ते १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याचेही दोनच भाग, पहिले पुराण आणि दुसरे पुराण. म्हणजे जुना करार आणि नवा करार.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. करार अंतःकरणावर लिहिला आहे, असे म्हणणाऱ्या समाजातही जात शिरली. एका प्यालातून प्रसाद घ्यायचा, आणि सोयरीक करताना मूळ जात विचारायची, असे आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांतही झाले आहे. कोठे कोठे बसायच्या जागाही वेगळ्या होत्या. हे बोलायला अवघड वाटते, पण झाकून उपयोग नाही. पाट्या फुटल्या त्या काही एकदाच फुटल्या नाहीत. ज्याला ‘मी कराराचा माणूस आहे’ असे म्हणायचे असेल, त्याने आधी हे पाहावे की, आपल्या पंगतीत कोण बसलेला नाही.

येथे कोणी विचारील, “देव इतका शब्दाला पक्का, आपण मोडला तरी तो मोडत नाही, तर मग आपण पाळायचा तरी कशाला?” प्रश्न रास्त आहे, आणि तो पौलालाही लोकांनी विचारला होता. याचे उत्तर घरात मिळते. आई काही झाले तरी आपल्याला टाकणार नाही, हे मुलाला ठाऊक असते. म्हणून का ते मूल आईला मुद्दाम छळते? छळत असेल, तर त्याला आईची माया अजून कळली नाही, असेच आपण म्हणतो. भीतीने पाळलेला शब्द भीती जाताच सुटतो. प्रेमाने पाळलेला शब्द टिकतो. नव्या कराराची सगळी मदार या दुसऱ्या प्रकारावर आहे.

वारकरी माणसाला हे निराळे सांगायला नको. गळ्यात माळ पडली की वारी चुकवायची नाही, हा त्याचा नेम. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखी निघते, तेव्हा पेरणीची घाई असूनही तो निघतो. आणि पुंडलिकाच्या एका शब्दाखातर विठोबा अजून विटेवर उभा आहे, ही त्याची श्रद्धा. दोन्ही धर्मांची तत्त्वे वेगळी आहेत, ती वेगळीच राहू द्यावीत. पण देव शब्दाला बांधून घेतो, ही कल्पना मराठी मनाला परकी नाही.

शिक्षकांना शेवटी एक सुचवतो. वर्गात हा विषय निघाला, तर मुलांना व्याख्या पाठ करायला देऊ नका. त्यांना विचारा, तुला कोणी शब्द देऊन पाळला होता का? कधी? त्यासाठी त्याला काय सोसावे लागले? मुले फार चांगली उत्तरे देतील. कोणी सांगेल, बापाने बैल विकला पण वही-पुस्तके आणली. कोणी सांगेल, आजीने मरेपर्यंत शेजारणीची ठेव जपली. त्या उत्तरांतून करार हा शब्द त्यांना आपोआप कळेल. ठरलेल्यापेक्षा कमी न देणे हा सौदा. स्वतः सोसून दिलेला शब्द पुरा करणे ही भाक.

तेव्हा देहूरोडवरून कधी गेलात, तर इंद्रायणीत गेलेल्या त्या खतांची आठवण करा. आणि आपल्या घरी, आपल्या ट्रंकेत, कोणाविरुद्ध जपून ठेवलेले एखादे जुने खत अजून आहे का, तेही जरा उघडून पाहा. ते पैशाचेच असेल असे नाही. भावाशी बंद केलेल्या बोलण्याचे असेल, शेजाऱ्याच्या बांधाचे असेल. ते बुडवायला नदीकाठीच जावे लागते, असेही नाही.